पडदा काळा का होतो?

मागच्या महिन्यात कामथडीला बहिणीकडे गेलो होतो. रात्री जेवणं उरकल्यावर नववीतला भाचा मोबाईलवर 'पद्मावत' (२०१८) पाहत बसला होता. मध्येच म्हणाला, "मामू, खिलजी आला की पडदा काळा का होतो?"

मी म्हटलं, "आवाज बंद कर आणि पुन्हा बघ." दोघांनी दहा-पंधरा मिनिटं मुक्यानेच पाहिलं. चित्तोडच्या महालात उजेड, सोनेरी-लाल वस्त्रं. खिलजीकडे मशाली, अंधार, काळे कपडे, मोकळे केस, डोळ्यांत सुरमा आणि दातांनी मांस ओरबाडणं. एकही संवाद कानावर पडला नाही, तरी कुणाला घाबरायचं ते पोराला कळलं होतं. अलाउद्दीन काही भला माणूस नव्हता, चुलत्याचा खून करून तो तख्तावर बसला. पण दिल्लीत धान्याचे भाव बांधून देणारा, १३११ मध्ये अलाई दरवाजा उभारणारा सुलतानही तोच. आणि सुरमा तर आमचे अब्बाही जुम्म्याला घालायचे!

बहीण म्हणाली, "आधीचे सिनेमे बरे होते." बरे होते खरे, पण साचा तिथेही होता. त्याला 'मुस्लिम सोशल' म्हणत. 'चौदहवीं का चाँद' (१९६०), 'मेरे मेहबूब' (१९६३): लखनौ, झुंबरं, महिरपी, शेरवानी, शायरी. पहिल्यातला तर सगळा गैरसमज एका नकाबावर उभा आहे. त्यात पोटापाण्यासाठी राबणारा माणूस शोधावाच लागतो. आमच्या भोर तालुक्यात भाताच्या खाचरात शेरवानी घालून कोण उतरणार? त्या साच्याने आपल्याला दिवाणखान्यात बसवलं, आताच्याने तळघरात. रोजच्या उजेडातलं घर दोन्हीकडे नाही.

ते दिसतं एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा'मध्ये. फाळणीनंतरचा आग्रा, बुटांचा कारखाना चालवणारे सलीम मिर्झा (बलराज साहनी), कर्ज मिळेना, हवेली हातची जाते. झुंबरांचा थाट नाही, मशालींचा धूर नाही. अंगण, जिना आणि रेल्वेचा फलाट, जिथे मिर्झा पुन्हा पुन्हा कुणाला तरी निरोप देतात.

दुसऱ्या दिवशी भाच्याने तोही आवाज बंद करूनच लावला. हवेली सोडायची नाही म्हणून म्हातारी आजी सरपणाच्या खोलीत जाऊन लपली, तेव्हा मात्र त्याने स्वतःच आवाज सुरू केला.