गाणं कुणाचं?

शनिवारी रात्री साडेदहाला निगडीत आमचा बँड फुटता फुटता राहिला. कारण ऐकाल तर हसाल. चार मिनिटांचं एक गाणं आणि त्याच्याखाली टाकायचं नाव.

आम्ही चौघं. गायक तळवड्याच्या आयटी पार्कात, गिटारवाला चाकणला एका व्हेंडर कंपनीत टूल डिझाइनला, बेसवाला परचेसमध्ये आणि मी क्वालिटीत. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका मोजायच्या आणि रात्री ड्रम्सवर स्वतःच्या करायच्या. प्रॅक्टिस पार्किंगमध्ये, सोसायटीचे सेक्रेटरी खाली येईपर्यंत.

तर गाणं रेकॉर्ड झालं, ऑनलाइन टाकायचं ठरलं आणि गायकाने क्रेडिटमध्ये एकट्याचंच नाव लिहिलं. "शब्द माझे, चाल माझी. तुम्ही वाजवलंत." त्या 'वाजवलंत'वर गिटारवाल्याचं डोकं फिरलं. गाणं ज्या रिफने सुरू होतं, तो त्याने सेकंड शिफ्ट संपवून येताना कंपनीच्या बसमध्ये गुणगुणून मोबाइलवर टेप केला होता. तो म्हणाला, "दिवसभर पार्ट मी बनवतो, गाडीवर नाव दुसऱ्याचं. आता इथे पण मी व्हेंडरच का?"

खरं सांगू? दोघंही बरोबर होते. हीच तर गोची!

घरी आल्यावर झोप येईना, तेव्हा फ्रेडी मर्क्युरी आठवला. तो आपल्या पाचगणीत शिकला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. सेंट पीटर्स शाळेत १९५८ साली पाच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यातला फारुख बलसारा म्हणजे हाच. पण बॉस, तिथे तो मेन गायक नव्हताच! गायचा ब्रूस मरे, फ्रेडी पियानोवर. बेसवरच्या फरंग इराणीने पुढे पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवलं. थोडक्यात, जगातला सगळ्यात भारी फ्रंटमन आधी दुसऱ्याच्या मागे बसून वाजवत होता.

पुढे 'क्वीन'मध्येही हाच लोच्या. १९७५ साली 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' आलं, फ्रेडीने लिहिलेलं. त्याच रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार' होतं. लोकांनी रेकॉर्ड घेतली पुढच्या बाजूसाठी, पण गाणं लिहिणाऱ्याचा रॉयल्टीचा वाटा दोन्ही बाजूंना सारखाच! बाकीच्यांना हे चांगलंच झोंबलं. (माझी सहानुभूती अर्थात ड्रमरला.) १९८२ च्या 'हॉट स्पेस'च्या वेळी तर सरळ दोन पार्ट्या झाल्या. फ्रेडी आणि बेसवाला जॉन डीकन डान्स-फंककडे ओढत होते, ब्रायन मे आणि टेलर रॉककडे.

तोडगा निघाला १९८९ च्या 'द मिरॅकल'मध्ये. गाणं कुणीही लिहिलेलं असो, नाव फक्त 'क्वीन'. पहिल्या अल्बमनंतर तब्बल सोळा वर्षांनी! पैसे आणि नाव सारखं वाटलं गेलं, की कुठलं गाणं घ्यायचं यावर भांडताना निदान गाण्याबद्दल तरी भांडता येतं.

रविवारी भक्ती-शक्ती चौकाजवळ टपरीवर हे सगळं मी मोठ्या उत्साहात सांगितलं. गिटारवाला लगेच तयार. बेसवाल्याने नेहमीप्रमाणे मान हलवली. गायक मात्र कटिंग संपेपर्यंत गप्प. मग म्हणाला, "आणि लोकांनी शिव्या घातल्या तर? तेव्हा पण चौघांचंच नाव ना? का तेव्हा शब्द माझे?"

यावर आमच्यापैकी कुणीच पटकन 'हो' म्हणालं नाही. मीसुद्धा नाही.

गाणं अजून माझ्या लॅपटॉपवर पडून आहे. शनिवारी प्रॅक्टिस आहे. चौघांनीही येतो म्हणून कळवलंय, गायकाने सगळ्यात आधी.