चाळीस रुपयांचा माल, चार हजारांचा बोर्ड

थंडी पडली की माझ्या दुकानात एक तक्रार हमखास येते: टीव्ही सकाळी लागत नाही, दुपारी आपोआप लागतो. गेल्या महिन्यात एक काकू हेच गाऱ्हाणं घेऊन आल्या. बत्तीस इंची एलईडी, सहा वर्षं वापरलेला. कंपनीच्या माणसानं घरी येऊन, मागचं झाकणही न काढता सांगितलं होतं, सप्लाय बोर्ड गेला, ४,२०० रुपये. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, त्यात थोडे घाल आणि नवाच घे.

मी साताऱ्यात अठ्ठावीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय. प्लग काढून झाकण उघडलं की पहिला हात मेन फिल्टर कंडेन्सरकडे. घरातले २३० व्होल्ट डीसी होऊन तिथं सव्वातीनशेच्या आसपास साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथंच ठाण मांडून बसतात. दोन्ही टोकांना बल्ब लावून तो रिकामा केला. व्हिडिओ बघून घरी झाकण खोलणाऱ्यांना नेमकी हीच पायरी माहीत नसते, म्हणून माझं सांगणं की हे घरी करू नका.

मग सिरीज बल्बवर, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून, टीव्ही लावला. लाल दिवा लुकलुकतोय, सप्लाय आतल्या आत टिकटिकतोय. बारा व्होल्टच्या लाइनवर मीटर साडेआठ-नऊच्या मध्ये नाचतोय. हीटसिंकला अगदी चिकटून दोन कंडेन्सर, १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे. एकाचा माथा भाकरीसारखा फुगलेला. दुसरा दिसायला अगदी सभ्य, आणि अशा सभ्य दिसणाऱ्यांवरच माझा जास्त संशय. दोघांना हेअर ड्रायरनं मिनिटभर गरम हवा दिली, तर टीव्ही लागला. काकू म्हणाल्या, ‘‘अगं बाई, याला थंडी वाजत होती होय!’’ तसंच म्हणायचं. आतलं रसायन सुकत आलं की आतला रोध वाढतो, थंडीत तर फारच. ऊब मिळाली की तेवढ्यापुरता उतरतो. दोन्ही काढून हा रोध मोजणाऱ्या ईएसआर मीटरला लावले. एक दशांश ओहमच्या आत हवं तिथं फुगलेल्याचा आकडा अडीच ओहम आणि सभ्य महाशयांचा पावणेदोन.

या कंडेन्सरवर ‘१०५ डिग्री’ छापलेलं असतं. साध्या मालाला त्या तापमानात साधारण २००० तासांचं आयुष्य धरतात, आणि ढोबळ हिशेब असा की दर दहा अंश गारव्याला आयुष्य दुप्पट. म्हणजे ८५ अंशांत ८००० तास. रोज सहा तास टीव्ही चालला तर पावणेचार वर्षांत खेळ खलास. तोच कंडेन्सर ६५ अंशांत बसला तर हिशेब चौदा वर्षांच्या पुढं जातो. फरक कशाचा, तर बोर्डावर दोन बोटं जागा सोडण्याचा. ती जागा नव्हती असं मला कुणी सांगू नये. मागचं झाकण अर्धं रिकामं असतं.

पण सगळा राग कंपन्यांवर काढून भागत नाही, गिऱ्हाइकंही कमी नाहीत. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या चांगल्या कंडेन्सरचे दोघांचे मिळून चाळीस रुपये, माझी मजुरी साडेचारशे. असं बिल झालं की दहातले सात जण म्हणतात, चाळीसच्या मालाला एवढे? हीच मंडळी छापील पावती दिसली की ४,२०० निमूट मोजतात. बोर्ड हातात धरता येतो, बिघाड शोधण्यात गेलेला तास दिसत नाही. मग शोधायचं कोण आणि कशासाठी? माझ्या हाताखाली शिकलेली दोन पोरं आज बोर्ड बदलायच्या नोकरीत आहेत. मीटर दोघांच्या बॅगेत असतो, पण दिवसाचे सगळे कॉल संपवायचे तर तो बाहेर काढायला फुरसत नाही. त्यांना मी बोल लावत नाही. मीही बोर्ड बदलतोच. पाणी शिरून कोळसा झालेल्या बोर्डापुढं तास घालवणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणंच.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, तेव्हा आता सर्किटं मिळतील म्हणून मला आनंद झाला होता. पूर्वी कितीतरी टीव्हींबरोबर सर्किटचा कागद यायचा. जुन्या सेटांचे असे कागद अजून माझ्या ट्रंकेत आहेत. आताच्या टीव्हीचा एकही कागद माझ्या टेबलावर आलेला नाही. मला सवलत नको, अनुदान नको. विकलेल्या प्रत्येक सेटचं सर्किट खुलं करा, आणि बोर्डाचा भाव सांगण्याआधी झाकण उघडून मीटर लावणं सक्तीचं करा. तपासणीचे पैसे वेगळे घ्या, पावतीवर तसं लिहा.

काकूंनी घासाघीस केली नाही. जुने दोन्ही कंडेन्सर मात्र मागून घेतले. मी कागदाच्या पुडीत बांधून दिले. रविवारी मुलगा येणार होता, त्याच्यासमोर ठेवायचे होते त्यांना.