‘जेवलात का?’ हा पुरावा होऊ शकतो काय?

परदेशी राहणाऱ्या जोडीदाराकडे जायचे तर आपले नाते खरे असल्याचे अर्जदाराने सिद्ध करावे, ही अट आता बहुतेक श्रीमंत देशांत रूढ झाली आहे. ऑस्ट्रेलियाच्या १९९४ च्या स्थलांतर नियमांत त्यासाठी चार बाजू तपासायला सांगितल्या आहेत : आर्थिक व्यवहार, घरसंसार, सामाजिक ओळख आणि परस्परांविषयीची बांधिलकी. ब्रिटनला नाते ‘खरे आणि टिकून असलेले’ हवे असते. व्यवहारात याचा अर्थ असा की, कामशेतच्या बाजारपेठेतील झेरॉक्सच्या दुकानात एखादी विवाहिता नवऱ्याशी झालेले व्हॉट्सॅपवरचे बोलणे पानेच्या पाने छापून घेते. आमचा आक्षेप नियमाच्या हेतूला नाही, त्यामागच्या वाचनपद्धतीला आहे.

काय असते त्या पानांत? ‘पोचलात का’, ‘जेवलात का’, ‘हो’, ‘आईंचे गुडघे कसे आहेत’. जिथे नवऱ्याचे नाव घ्यायलाही उखाण्याचा आडपडदा लागत आला, त्या समाजात ‘जेवलात का’ या दोन शब्दांत किती मावते, हे मराठी वाचकास सांगावे लागत नाही. इंग्रजीत मात्र ती केवळ भोजनविषयक चौकशी उरते. मग भाषेच्या शिक्षकांकडे निवेदन तपासायला येते आणि सोबत विनंतीही : ‘सर, थोडे प्रेमाचे शब्द घाला.’ जे शब्द त्या दोघांनी कधी उच्चारले नाहीत, ते घातल्यावर नाते खरे ठरते! खरेपणा सिद्ध करण्यासाठी खोटी भाषा वापरायला लावणारी ही परीक्षा आहे.

दूरस्थ दांपत्याचे आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घ्या. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी एकट्या कलकत्त्याहून निघाल्या. गोपाळराव मागे राहिले, आणि तेही टपाल खात्यात नोकरीला! त्यांच्या पत्रव्यवहारात संशय आहे, टोचणी आहे. लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण आनंदीबाईंनी नवऱ्याला स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. आजच्या अधिकाऱ्याने ही फाईल चाळली असती तर ‘परस्पर भावनिक आधार आढळत नाही’ असा शेरा सहज पडला असता. तरी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात पदवी मिळताना गोपाळराव तिथे हजर होते. ते दांपत्य सुखी होते असे आमचे म्हणणे नाही. पण ते नाते होते, आणि त्याचा पुरावा भांडणातच आहे. कोणी परक्याशी इतके भांडत नाही.

‘संहितेबाहेरचा हेतू शोधत बसू नका’ असे विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांचा १९४६ चा निबंध पुढे करून आपण एम.ए.च्या वर्गात बजावतो. व्हिसाचे कार्यालय नेमके तेच करते. ब्रिटनमध्ये तर १९८३ पासून १९९७ पर्यंत, विवाहाचा मुख्य हेतू देशात प्रवेश मिळवणे हा नाही, असे अर्जदारालाच सिद्ध करावे लागे. नसलेला हेतू कागदावर कसा दाखवायचा? ठरवून केलेल्या लग्नांची परंपरा असलेल्या आपल्या उपखंडाला या नियमाची झळ विशेष बसली. त्याआधी, १९७९ च्या जानेवारीत, वाग्दत्त वराकडे निघालेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यचाचणी झाली होती. शरीर वाचायचे थांबले ते उघडकीस आल्यावर. आता पत्रे वाचतात, एवढाच फरक.

‘मग बनावट लग्ने रोखायची कशी?’ हा प्रश्न रास्त आहे. परदेशी नवऱ्यांनी टाकलेल्या मुली आपल्याही माहितीच्या आहेत. पण फसवणाऱ्याची फाईल कधी अपुरी नसते : तारखांनिशी फोटो, संयुक्त खाते, लाडिक संदेश, सगळे जागच्या जागी. अपुरी असते ती लाजणाऱ्यांची, अबोलांची, रुसलेल्यांची. शंका असेल तर दोघांना त्यांच्या भाषेत, ती भाषा जगलेल्या दुभाष्यासमोर बोलवा आणि नकार द्यायचा तर कोणत्या वाक्यावरून दिला ते लिहा. मराठी शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनीही त्या निवेदनांत उसनी गोडी ओतणे थांबवावे आणि ‘जेवलात का’ तसेच ठेवून त्याखाली चार ओळींचे भाष्य लिहून द्यावे.