रुग्णालयांचे संगणकीकरण : नोंदणी खिडकीच्या पलीकडे

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, अर्थात एम्समधील सर्व्हरवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला. रुग्णनोंदणी, नमुने आणि अहवाल ही कामे त्यानंतर सुमारे दोन आठवडे हातानेच करावी लागली. संगणकावर रुग्णसेवा किती विसंबून आहे, हे तेव्हा दिसून आले.

आयुष्मान भारत डिजिटल अभियानाचा देशव्यापी प्रारंभ २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला. क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी करण्याच्या सोयीमुळे बाह्यरुग्ण विभागातील रांगा कमी होतात, यात शंका नाही. मात्र रांग घटली म्हणजे उपचार सुधारले, असे नव्हे. औषधाची ॲलर्जी, पूर्वीचे निदान, सुरू असलेली औषधे यांची नोंद डॉक्टरांसमोर वेळेवर आली, तरच चूक टळू शकते. गर्दीच्या विभागात ही नोंद करण्यास डॉक्टरांना सवड कुठे असते? औषधाची चिठ्ठी कागदावरच राहिली, तर रुग्णाचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक केवळ ओळखीपुरता उरतो.

त्यामुळे नोंदी भरण्यासाठी स्वतंत्र कर्मचारी आणि यंत्रणा बंद पडल्यास वापरावयाची कागदी कार्यपद्धती यांची तरतूद संगणक खरेदीबरोबरच होणे आवश्यक आहे.