तिथल्या खुर्चीत कोण बसणार?

परवा माझ्या भाचीचा फोन आला. अंधेरीला एमआयडीसीत तिची आणि तिच्या दोन मैत्रिणींची छोटीशी कंपनी आहे. नाचणी-ज्वारीची बिस्किटं करतात. पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंतच्या दुकानांत त्यांचा माल जातो. "आत्या, आम्ही सुरतला ऑफिस टाकतोय," ती म्हणाली. आवाजात नुसता उत्साह. "अगं, शेजारीच तर आहे. सकाळी बोरिवलीला गाडीत बसलं की जेवायला सुरत!"

मी तोंड भरून अभिनंदन केलं. पण ते 'शेजारीच तर आहे' कानात अडकून बसलं. कारण वीस वर्षांपूर्वी अगदी हेच शब्द मी स्वतः म्हटले होते, आणि तेही सुरतबद्दल नाही, ठाण्याबद्दल.

२००५ साली मुलुंडला मी आणि माझी नणंद गोडा मसाला, मेतकूट, भाजणी करून विकायचो. मुलुंडमध्ये जम बसला तेव्हा वाटलं, आता ठाणं. नौपाड्यात एक गाळा भाड्याने घेतला, टेबल-खुर्ची टाकली, फोन घेतला, पाटी रंगवून लावली. पहिला धक्का दिला जकातीने. चेकनाका ओलांडला की ठाण्याची जकात, आणि न खपलेला माल परत आणायचा तर मुंबईची. पाच मिनिटांच्या अंतरासाठी! 'पिशवीत घालून लोकलने न्या, कोण विचारतंय,' असं सगळे सांगायचे. दोनदा आम्ही तसं केलंही, आता कबूल करायला हरकत नाही.

पण गाळा जकातीमुळे बंद पडला नाही. तिथे आम्ही एक बाई नेमली होती. ठाण्यातलीच, हुशार, गल्ली न् गल्ली माहीत असलेली. तिने महिनाभरात जेवढी दुकानं जोडली तेवढी आम्ही मुलुंडात वर्षात जोडली नव्हती. पण दुकानदाराने दोनशे रुपयांची उधारी मागितली तरी तिने आम्हाला फोन करायचा. एखादं पाकीट फुटकं निघालं तर बदलून देण्यापूर्वी आम्हाला विचारायचं. गाळ्याची दुसरी किल्ली आमच्या 'ह्यां'च्याकडे, आणि ते दर शनिवारी जाऊन हिशेब तपासायचे. बाईमाणूस आहे, पैसे हाताळायचे आहेत, कोणीतरी लक्ष ठेवायला हवं, असं आम्हीच म्हणायचो. आम्ही दोघीही बाईमाणसंच होतो, हे लक्षात न घेता!

अकराव्या महिन्यात तिने काम सोडलं. पुढे वर्षभरात त्याच गल्लीत तिचा स्वतःचा मसाला मिळायला लागला आणि आमची सगळी दुकानं तिच्याकडे गेली. मी कित्येक वर्षं तिला दगाबाज म्हणत होते. आता म्हणवत नाही. दुकानं तिनेच तर जोडली होती.

भाचीशी बोलताना मला लिज्जतची गोष्ट आठवली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, हे आपल्यापैकी बहुतेकींना माहीत आहे. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ते पुन्हा छापूनही आलं. पण या संस्थेने १९६१ साली मालाडला शाखा काढायचा प्रयत्न केला होता आणि तो फसला होता, हे कोणी फारसं सांगत नाही. गिरगाव ते मालाड म्हणजे एकाच लोकलचा प्रवास. आणि महाराष्ट्राबाहेरची त्यांची पहिली शाखा उभी राहिली १९६८ मध्ये, ती कुठे? गुजरातमधल्या वालोडला. ना मोठं शहर, ना मोठी बाजारपेठ.

त्यांच्या कामाची पद्धत बघितली तर मला त्यात अर्थ दिसतो. सकाळी बहिणी केंद्रावर येतात, मळलेलं पीठ घेऊन जातात, घरी पापड लाटून-वाळवून दुसऱ्या दिवशी आणून देतात, तपासणी होते आणि लाटणावळ हातात पडते. हे सगळं चालतं ते त्या त्या गावातल्या बायकांच्या जिवावर. उडीद, हिंग, मिरी यांची खरेदी मात्र मध्यवर्ती; उडीद म्यानमारचा, हिंग अफगाणिस्तानचा, मिरी केरळची. म्हणजे चव मुंबईची, पण शाखा तिथल्या बायकांची. संचालिका त्याच बहिणींतून पुढे आलेली असते, आणि शाखेच्या नफ्या-तोट्यात त्या बहिणींचाच वाटा असतो. पुरुष हिशेबनीस असेल, ड्रायव्हर असेल, पण सभासद होऊ शकत नाही.

आम्ही ठाण्यात बरोबर उलटं केलं. मसाल्याची चव सांभाळायचं सोडून किल्ली सांभाळत बसलो.

भाचीला म्हटलं, "तुमच्या सुरतच्या ऑफिसात कोण बसणार?" तर म्हणाली, "तिथे एक मुलगी ठेवू ऑर्डरी घ्यायला. बाकी सगळं आपण अंधेरीहून फोनवर बघू. आणि स्नेहलचे दीर असतात ना तिथे, ते लक्ष ठेवतील."

पुन्हा लक्ष! या दीर मंडळींचा बिचाऱ्यांचा काही दोष नाही, पण बिस्किटांतलं त्यांना काय कळतं? एखाद्या बाईने बारा दुकानं फिरून धंदा उभा करायचा आणि तिच्या डोक्यावर बसवायचा कोण, तर पार्टनरचा नातेवाईक. वर तिने सोडून जायचं नाही, अशी आपली अपेक्षा.

कागदपत्रांचं तिने चांगलं वाचून ठेवलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. जकात आता राहिली नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईतले जकात नाके बंद झाले. आज ठाण्यात किंवा पुण्यात ऑफिस काढलं तर आहे त्याच नोंदणीत जादा जागा म्हणून ते दाखवता येतं. सुरतला मात्र गुजरातची वेगळी नोंदणी लागते. आपला नंबर सत्तावीसने सुरू होतो, त्यांचा चोवीसने. म्हणजे कायद्याच्या नजरेत अंधेरीची कंपनी आणि तिचं सुरतचं ऑफिस ही दोन वेगळी माणसं. आपलाच माल आपल्याच शाखेला पाठवायचा तर त्याचंही बिल करायचं, कर लावायचा. नंतर त्याची वजावट मिळते, पण तोपर्यंत पैसा अडकतो. शिवाय नोंदणीसाठी जागामालकाचं संमतीपत्र, भाडेकरार, विजेचं बिल हवं. कागदांची लांबलचक यादी बघून मालक बिचकतात, त्यामुळे जागा बघतानाच हे बोलून घ्यावं, असं मी तिला सांगितलं.

मला गंमत वाटली. सरकार ज्या शाखेला वेगळं माणूस मानतं, तिला आपण मात्र आपल्या हाताचं बोट समजतो.

मग मी तिला ठाण्याचं सगळं सांगितलं. ती दगाबाज बाई, शनिवारची तपासणी, दोनशे रुपयांची उधारी, सगळं. ती ऐकत होती. म्हणाली, "पण आत्या, परक्या मुलीच्या हातात चेकबुक कसं द्यायचं?"

प्रश्न खोटा नाही. पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे आहेत त्या तिघींचे. चेकबुक पहिल्या दिवशी देऊच नये. पण महिन्याला अमुक इतकी उधारी, इतकी खराब पाकिटं तू तुझ्या निर्णयाने, आम्हाला न विचारता, एवढं तर लिहून देता येईल. तिथल्या विक्रीत तिचा टक्का ठरवता येईल. आणि वर्षभराने तिने चांगलं केलं तर पाटीवर नाही, पण कागदावर तिचं नाव घालता येईल. मुख्य म्हणजे पहिले दोन महिने तिघींपैकी एकीने सुरतला खोली घेऊन राहावं, तिच्याबरोबर दुकानं फिरावीत. घरात कुरकुर होईल. होऊ दे. नवरे बदलीच्या गावी जातात तेव्हा कुठे कोण कुरकुरतं?

"त्या मुलीला भेटलीस का तरी?" मी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात जाणार आहे."

"एकटी जा. दिरांना नेऊ नकोस. आणि तिच्या हातात काय देणार, ते जायच्या आधी ठरव."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दोघींशी बोलते आणि फोन करते."

चार दिवस झाले. अजून फोन आलेला नाही.