मशिदीची पेटी आणि शेजारची गल्ली

२०२३, २०२४ आणि २०२५. सलग तीन वर्षं ईद-ए-मिलाद आणि गणेश विसर्जन अगदी लागून आले. २०२३ मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला. मुंबईत खिलाफत कमिटीने जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. पुढच्या वर्षी तो १८ सप्टेंबरला गेला, त्याच्या पुढच्या वर्षी ८ सप्टेंबरला. सरकारनेही त्याप्रमाणे सुट्टी हलवली. त्याआधी २९ जून २०२३ रोजी बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली होती. पंढरपूरसह राज्यातल्या अनेक गावांत आपल्या लोकांनी त्या दिवशी फक्त ईदची नमाज अदा केली आणि कुर्बानी पुढच्या दिवसांवर टाकली.

तेव्हा आपल्यातलेच काही जण म्हणाले, दर वेळी आपणच का सरकायचं? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. कुर्बानीला शरीयतने तीन दिवस दिलेत, जिलहिजची १०, ११ आणि १२ तारीख. जुलूस ही तर तारखेला बांधलेली इबादतच नाही. म्हणजे जिथे आपल्या दीननेच जागा ठेवली होती, तिथे आपण सरकलो. कुणी नमाज सोडली नाही, कुणी रोजा मोडला नाही. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, कुरुंदवाडमध्येही बसतो. टीव्हीवाले दर वर्षी तीच चित्रं दाखवतात. त्या गावांचा जिव्हाळा खरा आहे आणि तो त्यांनी पिढ्यांनी जपलाय, त्यावर बाहेरून कुणी बोट दाखवू नये. पण प्रत्येक मशिदीने तसंच केलं तरच भाईचारा, असं कुणी सुचवत असेल तर ते आम्हाला मान्य नाही. एकमेकांची इबादत न उचलताही शेजारधर्म पाळता येतो. आषाढीच्या दिवशी पंढरपूरने तेच केलं.

आता हा योग बराच काळ येणार नाही. आपलं चांद्र वर्ष दर वर्षी १०-११ दिवस मागे सरकतं. हिंदू पंचांगही सरकतं, पण अधिक महिना आला की परत जागेवर येतं. त्यामुळे दोन्ही सण काही वर्षं सोबत चालतात आणि मग दूर जातात. पुन्हा एकत्र यायला तीस-एक वर्षं लागतात. म्हणजे जुलूस पुढे ढकलून कमावलेली माया आता नव्याने कमवायची संधी नाही. मग मशीद आणि शेजारची गल्ली यांच्यात उरतं काय?

उरतो पैसा. ऐकायला कोरडं वाटेल, पण मशिदीच्या पेटीत आलेला पैसा कुठे जातो, यावरच पुढची गोष्ट ठरणार आहे.

२०२० चा रमजान आठवा. मार्चअखेरीस दिल्लीच्या मरकजची बातमी झाली आणि भाजीवाल्याला नाव विचारून भाजी घेण्यापर्यंत मजल गेली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि बळीचा बकरा करण्यासाठी त्यांना निवडलं गेल्याची शक्यता नोंदवली. पण हा निकाल यायच्या तीन महिने आधी, ऐन बदनामीच्या दिवसांत, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपये जमवले. मशिदी बंद होत्या, ईदची खरेदी नव्हती. त्या पैशांतून शहरातल्या इंदिरा गांधी मेमोरियल सरकारी रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी व्हिडिओ कॉन्फरन्सवरून त्याचं उद्घाटन केलं. इचलकरंजी हे यंत्रमागाचं गाव. मागावर काम करणारा कुठल्या धर्माचा, हे अतिदक्षता विभागाच्या दारात कोण विचारतं?

त्याच वर्षी पुण्यात आझम कॅम्पसने आपल्या मशिदीचा सुमारे ९,००० चौरस फुटांचा मजला विलगीकरणासाठी देऊ केला. भिवंडीत शांतीनगरच्या मक्का मशिदीत ऑक्सिजनची सोय असलेल्या खाटा लागल्या, त्याही मोफत. एप्रिल २०२१ मध्ये वडोदऱ्यातल्या जहांगीरपुरा मशिदीत ५० खाटांचं कोविड केंद्र निघालं.

ही उदाहरणं आपण एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर पाठवली. एक मुद्दा मात्र चर्चेत आला नाही. इचलकरंजीच्या पैशांना बातम्यांत सरसकट जकात म्हटलं गेलं, आणि ते वाचून बऱ्याच घरांत कुजबुज झाली: जकातीच्या पैशाने सरकारी दवाखाना उभा करता येतो का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण मशिदीची मदत इथेच अडते. जकातीच्या आठ मदी सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत ठरलेल्या आहेत. हनफी फिकहनुसार जकात गरजवंताच्या हातात, त्याच्या मालकीची करून द्यावी लागते. याला तमलीक म्हणतात. म्हणून इमारत किंवा यंत्र यावर ती थेट खर्च होत नाही. बहुतेक फुकहांच्या मते जकात मुस्लिम गरजवंतालाच जाते. कोकणातले आपले शाफई भाऊ काही तपशिलात वेगळे आहेत, पण आठ मदींच्या बाहेर तेही जात नाहीत. काही समकालीन आलिमांनी ‘फी सबीलिल्लाह’ या मदीचा अर्थ रुंद घेतलाय, तो वाद चालू आहे. फितऱ्याबाबत खुद्द इमाम अबू हनीफांनी गैरमुस्लिम गरिबालाही देण्याची मुभा दिली, तर त्यांचे शागिर्द इमाम अबू यूसुफ यांनी ती दिली नाही. आमचं म्हणणं इतकंच की आपल्या आलिमांना विचारा आणि जकात जिथली तिथे जाऊ द्या.

पण सदका, लिल्लाह, इमदाद? तिथे दार सताड उघडं आहे. मदीनेत काही सहाबांनी इस्लाम न स्वीकारलेल्या नातेवाइकांना मदत करताना हात आखडता घेतला, तेव्हा सूरह बकराची २७२ वी आयत उतरली, असं तफसीरकार सांगतात. जे तुमच्याशी दीनवरून लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घरातून काढलं नाही, त्यांच्याशी भलाई आणि इन्साफ करण्यापासून अल्लाह रोखत नाही, हे सूरह मुम्तहनात आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा ते घरच्यांना परत परत विचारत राहिले, आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठवला का? शेजाऱ्याच्या हक्काची ताकीद त्यांनी खुद्द हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्याकडून ऐकली होती.

मग अडचण कुठे आहे? आपल्या बहुतेक मोहल्ल्यांत लिल्लाहची पेटी म्हणजे मशिदीचं वीजबिल, पेशइमामांचा पगार (तोही किती तुटपुंजा, ते सगळ्यांना माहीत आहे), रंगरंगोटी आणि नवा मिनार. जकात येते भरपूर, पण ती बांधलेली. खुला पैसा येतो कमी आणि फरशीत जिरतो. म्हणून शेजारच्या गल्लीत आग लागली, कुणाच्या आईला डायलिसिसची गरज पडली, तर कमिटी इकडेतिकडे बघते, ट्रस्टी स्वतःच्या खिशात हात घालतात. दिलदारी आहे, पण व्यवस्था नाही. आमच्या मते प्रत्येक मशिदीत जकातीची पेटी वेगळी आणि शेजाऱ्यांच्या मदतीची पेटी वेगळी हवी, दोघांचे बँक खातेही वेगळे. दुसऱ्या पेटीवर ‘कुठल्याही धर्माच्या गरजवंतासाठी’ असं लिहिलेलं असावं. दर जुम्म्याला दहा-दहा रुपये पडले तरी वर्षाकाठी बरंच जमतं.

हैदराबादेत हे जमलंय. तिथे हेल्पिंग हँड फाउंडेशनने मशीद-ए-इस्हाकच्या आवारात दवाखाना सुरू केला. आसपासच्या गरीब वस्तीतले लोक तिथे तपासायला येतात, मुस्लिम आणि गैरमुस्लिम दोन्ही. साखर, रक्तदाब, बाळंतपणाआधीची तपासणी, असं रोजचं काम. त्याची ब्रेकिंग न्यूज होत नाही. पण ज्या बाईचा रक्तदाब मशिदीच्या आवारात तपासला जातो, तिला उद्या कुणी त्या मशिदीबद्दल काहीबाही सांगितलं तर ती लगेच विश्वास ठेवणार नाही.

केरळमध्ये कायमकुलमजवळच्या चेरुवल्ली जमात मशिदीने जानेवारी २०२० मध्ये एका गरीब हिंदू मुलीचं लग्न आपल्या आवारात, हिंदू विधींनी लावून दिलं. दहा पवन सोनं आणि दोन लाख रुपये दिले, जेवणही घातलं. मुलीच्या आईने मदतीसाठी मशिदीच्या सेक्रेटरींकडे अर्ज केला होता. आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा अर्ज. विधवा हिंदू आईला मदत कुठे मागावी असा प्रश्न पडला आणि तिला मशीद आठवली. आपल्या गावातल्या किती जणींना आठवेल? आणि दोन वर्षं आधी, २०१८ च्या महापुरात, त्याच केरळमध्ये त्रिशूर जिल्ह्यात मशीद पाण्याखाली गेली, तेव्हा एका मंदिराने बकरी ईदच्या नमाजसाठी आपला हॉल उघडला होता. तिथे अशी ये-जा दोन्ही बाजूंनी चालते.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. २०२० नंतर आपल्यात एक सवय लागली: काही चांगलं केलं की लगेच फोटो आणि खाली ओळ, ‘बघा, आम्हीही देशासाठी करतो’. ही ओळ लिहिणाऱ्या पोराचा राग येत नाही, त्याच्यावर आलेली वेळ कळते. पण मदत ही जामीन नाही. शेजाऱ्याचा हक्क आपल्यावर आहे म्हणून द्यायचं, त्यातून आपल्याबद्दलचं मत बदललं तर ठीक, नाही बदललं तरी पुढच्या महिन्यात परत द्यायचं. आणि ज्याला मदत दिली त्याचा चेहरा फोटोत नको. राशन किट घेताना मान खाली घातलेल्या माणसाचा फोटो फिरवणं ही कुठली सुन्नत?

मशिदीचं दार उघडण्याचंही तसंच. जमाअत-ए-इस्लामी हिंदने महाराष्ट्रात बऱ्याच शहरांत ‘मस्जिद परिचय’ घेतले. पाहुण्यांना वजूखाना दाखवतात, अजानचा अर्थ सांगतात, सफ कशी लागते ते समजावतात. २०२२ च्या भोंग्यांच्या वादात अजानवर इतकं बोललं गेलं, पण तिचा अर्थ माहीत असलेले किती होते? काही बुजुर्गांना अजून वाटतं, गैरमुस्लिम आत कसा येणार. सुमामा बिन उसाल यांना तर मस्जिद-ए-नबवीच्या खांबाला तीन दिवस बांधून ठेवलं होतं, तेव्हा ते मुसलमान नव्हते. बुखारीत आहे.

तर कमिटीच्या पुढच्या बैठकीत दोन विषय घ्या. एक, ती दुसरी पेटी. दोन, दाराबाहेर एक फळा, ज्यावर महिन्याची जमा आणि खर्च लिहिलेला असेल: किती आले, किती कुणाच्या औषधाला गेले, नाव न लिहिता. आणि बरं का, फळा मराठीत लिहा. आज आपल्या बऱ्याच मशिदींतल्या सूचना फक्त उर्दूत असतात. त्या शेजारच्या पाटलांना वाचता येत नाहीत, आणि मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या पोरांनाही नाही.