डबा उघडला आणि पटाचा विषय निघाला



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा एखादा मुलगा आज चिखलीत नोकरीला आहे. कोणी जिनिंगमध्ये, कोणी पतसंस्थेत, कोणी शाळेत. पहाटे उठून गोठा झाडायचा, वैरण टाकायची आणि दहाच्या ठोक्याला खुर्चीवर हजर व्हायचं. अशाच एका मुलाची हकिगत सांगतो. त्याचं नाव घेत नाही, कचेरीचंही नाही. तुम्ही ओळखलंत तरी बोलू नका.

याच्या घरी पटाची जोडी आहे. शौक वडिलांचा, तो याच्यातही उतरला. एका सोमवारी यानं पोटदुखीची रजा टाकली आणि शंकरपट गाठला. जोडी नंबरात आली. गुलाल उडाला, कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि दिवस मावळायच्या आत तो साहेबांच्या मोबाइलवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले आणि विषय निघाला. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "मुक्या जनावराला असं पळवून तुम्हाला काय मिळतं?" शिपाई कानाशी लागला, "पुढच्या पटात कोणाची जोडी येते सांग ना भाऊ, शंभर लावून पाहतो." हा आधीच ओशाळलेला, त्यात तापला. "तुम्ही कोंबडी खाता तेव्हा दया कुठं जाते?" म्हणाला. बाई माळकरी! पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. महिनाभर बाईंचा डबा दुसऱ्या खोलीत.

आता, पटाचा शौक असलेल्या पोरांनो, तुमच्याशीच बोलतो. पहिली चूक पोटदुखीची. रजेच्या अर्जात सरळ 'शंकरपट' लिहावं. साहेब फार तर नाही म्हणतील. पण खोटं कारण देऊन गेलात की समोरचा समजतो, याच्या शौकातच काहीतरी काळंबेरं आहे. मग तुम्ही कितीही खरं बोला, कोण ऐकतो?

आणि लपवायचं कारण तरी काय? पूर्वी होतं. केंद्र सरकारनं 2011 साली बैलाला खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या जनावरांच्या यादीत घातलं. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर आपल्याकडच्या शर्यतीही बंद केल्या. 2017 साली राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, तर तीही उच्च न्यायालयात अडकली. गोठ्यातल्या जोड्या नुसत्या उभ्या राहिल्या, कित्येकांनी विकल्या. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायाधीशांच्या पीठानं राज्याचा कायदा कायम केला. आज रीतसर परवानगीनं भरलेला पट हा गुन्हा नाही. मात्र त्या अटी पाठ असू द्या. जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी, पशुवैद्यकाची तपासणी हवी. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका, सगळं बंद. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. शिपायाला हेही सांगा, की त्याच्या शंभराच्या पैजेला कायद्यात जागा नाही आणि त्यापायी तुमचं नाव खराब होतं.

पण कायदा दाखवून बाईंचं समाधान होणार नाही. होऊही नये. त्या विचारतात ते खोटं नाही. आमच्या लहानपणी पट म्हटला की आदल्या रात्रीपासून झोप नसायची. हलका छकडा, वर धुरकरी, सेकंदावर निकाल आणि दोन्ही अंगांना माणसांची भिंत. त्याच पटात तुतारीची आर बैलाच्या पुठ्ठ्यात घुसताना पाहिली आहे. शेपटी दातानं चावणारे पाहिले आहेत. रक्त पाहिलं आहे. त्या वेळी आम्ही टाळ्याच वाजवल्या, हे आज सांगायला लाज वाटते, पण सांगतो. बाईंनी कुठंतरी तेच पाहिलं असणार. मग "आमच्यात असं काही होतच नाही" म्हणण्यात काय अर्थ? "होत होतं, अजून कुठं कुठं होतं, मी करत नाही", एवढं तरी म्हणता येतं. आणि ते म्हणायचं तर आधी तसं वागलं पाहिजे. तुमच्या जोडीच्या अंगावर वळ असेल तर डबा उचला आणि गुमान जेवा.

आणखी एक. न मागता मोबाइलवरचे पट कोणाच्या तोंडासमोर धरू नका. कचेरीत वर्गणीची पावती फाडू नका. विचारलं तर खुराकाचं सांगा, खूर कसे जपता ते सांगा. चार कामं सोडून माणूस बैलाचं अंग का चोळत बसतो, हे शहरातल्या माणसाला खरंच माहीत नसतं. पोळ्याला घरी जेवायला बोलवा, गोठा दाखवा. आला तर आला.

(घरातल्या माउल्यांना वेगळंच विचारायचं आहे. खुराकातलं दूध आणि बदाम पोरांच्या वाटणीतून जात नाहीत ना? कचेरीतल्या बाईंच्या आधी या प्रश्नाचं उत्तर घरात द्यावं लागतं, आणि जोडीच्या किमती आता लाखांत बोलतात.)

तर पुढं झालं असं. महिन्यानंतर बाईंचा डबा परत आला. रागानं नाही, सहज त्यांनी विचारलं, "बैल पळायचा थांबला की त्याचं काय करता?"

आमचा मुलगा गप्प. कारण डाव्या अंगाचा बैल थकला होता आणि वडिलांनी गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं. त्या बैलानं याच्या घराला तीन ढाली मिळवून दिल्या होत्या. ट्रॅक्टर आल्यापासून म्हाताऱ्या बैलाला औत उरलं नाही. 2015 पासून राज्यात बैल कापायलाही बंदी आहे, तरी बाजारात विकलेला थकला बैल पुढं कोणाच्या दावणीला जातो, हे विकणारा विचारत नाही. तुम्ही विचारलंत का कधी? मीही विचारलं नव्हतं. पटाच्या बाजूनं इतकी वर्षं भांडलो, हा प्रश्न मात्र एका माळकरी बाईनं डबा खाताना विचारावा लागला.

त्या संध्याकाळी बापलेकांत चांगलंच वाजलं म्हणतात. खाणारं तोंड फुकट पोसायचं कशाला, हे बापाचं म्हणणं. आणि दुष्काळात चारा विकत घेतलेल्या माणसाचं ते म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. शेवटी मुलानं पगारातून दर महिन्याचा कडबा आपल्या माथी घेतला. बैल अजून गोठ्यात आहे. पुढच्या पायानं थोडा लंगडतो.

मी त्याला म्हटलं, बाईंना सांगितलंस का? तर म्हणतो, "काहून सांगू काका? आता कडब्याचा भाव पाहा, पुढच्या साली जमते का नाही, कोणाले ठाऊक!"